पाठमोरे निसर्गप्रेमी

देवळात गेलेला माणूस देवाकडे पाठ करून उभा राहिला, तर पुजारी त्याला दोन शब्द सुनावल्यावाचून राहणार नाही. पंगतीत बसलेला पाहुणा पानाकडे पाठ करून बसला, तर यजमानीणबाई काळजीने त्याची प्रकृती विचारतील. पण डोंगरावर गेलेला माणूस डोंगराकडे पाठ करून उभा राहिला, हात लांब करून त्याने आपल्याच तोंडाचा फोटो काढला, आणि त्या फोटोच्या एका कोपऱ्यात डोंगराला जागा दिली, की त्याला आपण निसर्गप्रेमी म्हणतो! हा शब्द इतक्या स्वस्तात मिळू लागला आहे, की खऱ्या निसर्गप्रेमी माणसाने आता दुसरा एखादा शब्द शोधावा, असे माझे मत आहे.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे, आणि छायाचित्रकारही नव्हे. मी शाळामास्तर आहे, आणि मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तरीही डोंगरमाथ्यावरच्या सड्यांविषयी बोलण्याचा अधिकार मी मागतो, कारण गेली कित्येक वर्षे श्रावण सरला की मी या सड्यांवर जातो, एखाद्या दगडावर बसतो, आणि दोन-तीन तास काहीही न करता परत येतो. काहीही न करता बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसते. त्यातले थोडे आज सांगणार आहे. ज्यांना ते झोंबेल, त्यांनी सणाच्या दिवसांत मास्तरावर रागावू नये.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सौंदर्याकडे पाठ फिरवण्याची ही चाल आपण काढलेली नाही, आणि ती मोबाइलच्याही आधीची आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातली शिष्ट मंडळी सरोवरांच्या प्रदेशात सहलीला जात, तेव्हा त्यांच्या खिशात एक लहानसा काळसर, फुगीर आरसा असे. क्लोद लोरां हा सतराव्या शतकातला मोठा निसर्गचित्रकार. त्याच्या चित्रांसारखी सौम्य, धूसर छटा या आरशातल्या प्रतिबिंबाला येई, म्हणून तो आरसा त्याच्याच नावाने ओळखला जाई. तो वापरण्याची रीत अशी, की माणसाने सरोवराकडे पाठ करून उभे राहायचे, आरसा डोळ्यांसमोर धरायचा, आणि खांद्यामागचे सरोवर आरशात पाहायचे. थॉमस ग्रे हा केवढा नावाजलेला कवी! १७६९ साली तो हा आरसा घेऊन त्या भागात हिंडत होता. हिंडता हिंडता एका चिखलाच्या गल्लीत तो उताणा पडला. आरसा हातात तसाच उघडा राहिला, आणि हाताच्या बोटांची पेरे तेवढी फुटली. एवढ्या मोठ्या कवीची ही गत, तर कड्याच्या टोकाशी मागे मागे सरकणाऱ्या आपल्या पोरांचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढे १७७८ साली टॉमस वेस्ट नावाच्या गृहस्थाने या प्रदेशाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. कुठल्या सरोवराच्या काठी नेमके कुठे उभे राहिले म्हणजे देखावा चित्रासारखा दिसेल, त्या जागा त्याने ठरवून दिल्या. 'पॉइंट' नावाच्या वस्तूचे हे एक मूळ. आमच्याकडे १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कमने महाबळेश्वरी साहेबांची वस्ती वसवली, आणि तिथल्या कड्यांना साहेबांची नावे पडली. आर्थर, एल्फिन्स्टन, विल्सन! साहेब गेले, पण पॉइंट राहिले. शिवाय दर आठवड्याला नवे निघतात. फरक एवढाच, की जुन्या पॉइंटाला साहेबाचे नाव असे, आणि नव्याला तिथे फोटो काढलेल्या नटाचे असते.

पण या साऱ्या परंपरेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे विल्यम गिल्पिन. जवळचा, कारण तो माझ्याच धंद्यातला. बरीच वर्षे त्याने शाळा चालवली. निसर्ग 'चित्रासारखा' कसा पाहावा याचे धडे त्याने साऱ्या इंग्लंडला दिले. वाय नदीच्या सहलीवरचे त्याचे पुस्तक १७८२ साली निघाले. त्यात टिंटर्नच्या पडक्या मठाचे वर्णन आहे. मठ सुंदर, पण त्याच्या त्रिकोणी भिंती फार सरळसोट आणि सारख्या आहेत, त्या डोळ्याला खुपतात, तेव्हा कुणी शहाणपणाने एखादा हातोडा चालवला तर देखावा सुधारेल, असे मास्तरांनी सुचवून ठेवले आहे! स्वतः हातोडा उचलला नाही, एवढी त्यांची कृपा.

मला आधुनिक छायाचित्रकारावर जे बोलायचे आहे, ते सारे या हातोड्यात आहे. देखाव्याने चित्रासारखे असावे, हा हट्ट एकदा मनात शिरला, की देखावा जसा आहे तसा पुरत नाही. मग त्यात सुधारणा करावी लागते. आणि सुधारणा म्हटली, की हातोडा आला.

हा हातोडा डोंगरमाथ्यावर कसा चालतो ते सांगतो. कास पठाराचे उदाहरण घेऊ, कारण ते घरोघर माहीत आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर जांभ्या दगडाचा हा सपाट माथा आहे. पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. फोटोत कास पाहिलेल्या माणसाला वाटते, की हा गुबगुबीत गालिचा आहे, लोळावे! प्रत्यक्षात तो खडक आहे, आणि त्या खडकावर कुठे वीतभर, कुठे चार बोटे, तर कुठे नखाएवढी माती आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते, उन्हाळ्यात ती विस्तवासारखी तापते. मोठ्या झाडाला तिथे मूळ धरता येत नाही. म्हणूनच तिथे लहानांचे राज्य आहे. तेरडा, सोनकी, गेंद, पिवळी स्मिथिया, दीपकाडी, चवर. अभ्यासकांनी या पठारावर नोंदवलेल्या सपुष्प वनस्पतींची संख्या साडेआठशेच्या आसपास सांगतात.

या लहानांचा संसार किती कष्टाचा, ते पाहा. त्या मातीत सत्त्व इतके थोडे, की काही वनस्पतींना मांसाहार करावा लागतो. दवबिंदूच्या पानावरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्यांवर किडा बसला की तो गेला. सीतेची आसवं हे नाव ज्या निळ्या-जांभळ्या फुलांना लोकांनी मोठ्या करुणेने दिले, त्यांच्या जमिनीखालच्या अंगाला सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यातला बारीकसा जीव पिशवीच्या दाराशी आला, की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत दार उघडते, जीव आत ओढला जातो आणि दार मिटते. तुमच्या कॅमेऱ्याच्या झडपेने मान खाली घालावी, असे हे यंत्र आहे. वायतुरा नावाचे एक पाणथळ जागेतले रोप आहे. त्याचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो, आणि शास्त्रातल्या त्याच्या नावात साताऱ्याचे नाव आहे. टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. सात वर्षांनी! पहिलीतला मुलगा हायस्कुलात जाईपर्यंत ती नुसती पानांची टोपली होऊन वाट पाहत राहते.

आता फोटो काढणाऱ्याकडे वळू. गेल्या भाद्रपदात एका पठारावर (कोणत्या, ते सांगणार नाही, कारण पुढे येईल) एक सुविद्य गृहस्थ भेटले. त्यांचा कॅमेरा माझ्या वर्षाच्या पगारापेक्षा महाग असावा. पोटावर झोपून ते एका दीपकाडीचा फोटो घेत होते. मन लावून घेत होते, त्याबद्दल मला आदरच वाटला. पण फुलामागे गवताची दोन पाती मध्ये येत होती. त्यांनी ती उपटली. मग शेजारचा गेंद चौकटीत डोकावत होता. त्यांनी तोही उपटला. डावीकडे तेरड्याचे एक रोप होते, ते बोटाने दाबून मोडले. अखेर दीपकाडी एकटी उरली, तिच्यामागे आकाश आले, आणि फोटो निघाला. उठताना त्यांच्या पोटाखालची जागा मी पाहिली. शाळेत दप्तराखाली चेपलेल्या वहीसारखी ती झाली होती. "एकाकी सौंदर्य!" ते मला फोटो दाखवीत म्हणाले. मी म्हटले, "खरे आहे. आपणच केलेत तिला एकाकी." ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्याच दिवशी दुपारी एक जोडपे आले. लग्न ठरलेले होते, व्हायचे होते. बरोबर चार माणसांचा चित्रण करणारा ताफा, कपड्यांच्या पेट्या, रंगीत धूर सोडणाऱ्या नळकांड्या, आणि डोक्यावर भुणभुणणारा ड्रोन. मुलीला फुलांत बसवले, मुलाला फुलांतून पळायला लावले. पळणे नीट जमले नाही म्हणून पाच वेळा पळवले. संसाराची सुरुवात म्हणून हे दोघे दुसऱ्यांचे संसार तुडवीत होते, हे त्यांच्या गावीही नव्हते. त्यांचा दोष मी फार धरीत नाही. त्या वयात माणूस पायाखाली पाहत नसतो. पण त्यांच्याबरोबर त्यांचे वडीलधारे होते, आणि ते छत्रीखाली बसून वडे खात होते.

"दोन-चार फुले चिरडली म्हणून काय झाले? पुढच्या वर्षी पुन्हा येतातच की," असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे समजून घ्यावे, की या फुलांपैकी पुष्कळशी एका वर्षाची धनीण आहेत. पावसाबरोबर रुजायचे, भाद्रपदात फुलायचे, आश्विनात बी टाकायचे आणि मरायचे. आंब्याचा मोहोर झडला तरी आंबा उभा असतो. तेरड्याचे तसे नाही. बी पडण्याआधी रोप मोडले, तर त्याच्या वंशाची तेवढी वाट बंद झाली. पुढल्या वर्षीची फुले या वर्षीच्या बियांतूनच येतात. त्यावर बुटांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, आणि जांभ्यावरची चार बोटे माती एकदा धुपली, तर ती परत साठायला किती पिढ्या लागतील, याचा हिशोब करायला आपण कोणी उरणार नाही. माणसे फुलांवर लोळतात ती भाद्रपदात, म्हणजे नेमकी पोटुशी असताना. आपल्या घरात आपण अशा बाईला पाट उचलू देत नाही.

आता माझ्यावर जे आक्षेप येतील, ते मीच मांडतो. मास्तरकी केल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनातला प्रश्न आधी कळतो.

पहिला आक्षेप: "मास्तर, हा गरिबांचा मत्सर आहे. पूर्वी श्रीमंतांकडे कॅमेरे होते तेव्हा कोणी बोलले नाही. आता रिक्षावाल्याच्या हातात मोबाइल आला, तर तुम्हांला निसर्गाचा कळवळा आला!" आक्षेपात जोर आहे, पण तो माझ्यावर लागू नाही. माझ्या डोळ्यांदेखत गवत उपटणारा माणूस रिक्षावाला नव्हता. उलट मी पाहिले आहे, की एस.टी.ने आलेली खेड्यातली माणसे वाटेवरून चालतात, एकदा सगळ्यांचा मिळून फोटो काढतात, आणि मग डबा उघडून निवांत समोर बघत बसतात. मोबाइल सर्वांच्या हाती आला, याचा मला आनंद आहे. माझी तक्रार हातातल्या वस्तूविषयी नाही, पायांविषयी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. "फोटो निघाले म्हणूनच कास जगाला कळले. फोटोंनीच ते वाचवले." यात पुष्कळ सत्य आहे, आणि मी ते लपवणार नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची हकीकत मला या बाबतीत नेहमी आठवते. १९२७ साली योसेमिटीत हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्याचा फोटो घेण्यासाठी तो बर्फातून वर चढला. पाठीवर जड कॅमेरा आणि काचेच्या बारा पट्ट्या. कडा समोर आला, तेव्हा दोनच उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळी काच लावून वापरली. मग तो थांबला. हा कडा आपल्याला कसा भासला, याचा त्याने विचार केला, आणि दुसरी, शेवटची पट्टी लाल काच लावून वापरली. काळ्याभोर आकाशाखालचा तो कडा आज जगाला पाठ आहे. पुढे १९३८ साली सिएरा नेवाडाच्या पर्वतरांगांतल्या त्याच्या फोटोंचे पुस्तक निघाले. १९४० साली तिथे किंग्ज कॅनियनचे राष्ट्रीय उद्यान झाले, त्या कामी या फोटोंचा उपयोग झाला असे मानले जाते. असा छायाचित्रकार माझ्या दारी आला, तर मी त्याला पाट मांडीन.

पण या गोष्टीतले शहाणपण कशात आहे? दोन पट्ट्यांत! हाती दोनच संधी असल्या, की माणूस आधी पाहतो आणि मग बटण दाबतो. आज हाती दोन हजार संधी आहेत. म्हणून माणूस आधी बटण दाबतो, आणि पाहायचे ते घरी जाऊन पाहू म्हणतो, आणि घरी गेल्यावर पाहत नाही. आणि फोटोंनी कास वाचवले म्हणता, तर त्याच फोटोंनी तिथे एवढी गर्दी लोटली, की माणसांची संख्या दिवसाला ३,००० अशी ठरवण्याची आणि आधी नोंदणी करायला लावण्याची पाळी आली. कुंपण घालावे की काढावे, गुरे चरू द्यावीत की रोखावीत, यांवर जाणत्यांत वाद झाले. ज्या पठाराने शतकानुशतके गुरांचे पाय सोसले, त्याला माणसांचे पाय सोसवेनात. गुराला निदान फोटो काढायचा नसतो. ते चरते आणि पुढे जाते.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, म्हणून तो सर्वांत मोठा. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतल्या माणसांना हंगामात चार पैसे मिळतात. पठार राखायचे काम तीच मंडळी करतात. कोणी वाट दाखवतो, कोणी भाकरी-पिठले वाढतो. मुंबईला जाऊन माथाडीत घाम गाळण्यापेक्षा आपल्या गावात राहून मिळालेली ही कमाई शंभर पटींनी बरी. यांचे पोट मारून फुले जगवा, असे मी कधीही म्हणणार नाही. पण या मंडळींचे उत्पन्न फुलांवर आहे, फोटोंवर नाही. गाय आटली तर दुधाच्या चित्रावर घर चालत नाही. पठार तुडवून उजाड झाले, तर शहरातली माणसे दुसरा सडा शोधतील. आणि ही माणसे? ती कुठला गाव शोधणार? वाटेवरून चला म्हणून शिट्टी वाजवणाऱ्या गावकऱ्याशी जो वाद घालतो, आणि "आम्ही तिकीट काढले आहे" असे ऐकवतो, त्याने हे ध्यानात ठेवावे. तिकीट पाहण्याचे असते. नाटकाचे तिकीट काढले म्हणून कोणी रंगमंचावर चढत नाही.

मग काय करावे? मास्तर आहे, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय सोडणार नाही. पण सोपा देतो.

डोंगरावर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीतून काढू नका. एवढ्याने अर्धा रोग बरा होतो, कारण पंधरा मिनिटे पाहिल्यावर फोटो कशाचा घ्यायचा हे कळते, आणि पुष्कळदा घ्यायचाच नाही, हेही कळते. फोटो घ्यायचा तो वाटेवरूनच घ्या. फूल दूर असेल तर दूरचे घ्या. सर्वच गोष्टी जवळून पाहायच्या नसतात. चौकटीत गवत आले तर येऊ द्या. ते तिथेच राहते, पाहुणे तुम्ही आहात. मुले बरोबर असतील तर त्यांना पाच फुलांची नावे शिकवून आणा. आपल्याला ठाऊक नसली तर गावातल्या म्हातारीला विचारा. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यावर पाय देताना पाय जरा अडखळतो. आणि एकच जागा पुन्हा पुन्हा पाहा. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली निघाले. बारा महिन्यांत तोच निसर्ग बारा प्रकारांनी पाहणे म्हणजे काय, ते त्यात पाहावे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. वर्षभराची चिकाटी लागते, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आणि शेवटची गोष्ट. एखादा निवांत सडा सापडला, तर त्याचा पत्ता चारचौघांत जाहीर करू नका. हे मी आपमतलबाने सांगत नाही. कासला राखणदार आहेत, नियम आहेत, वाटा आखलेल्या आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर दुसरे कितीतरी सडे असे आहेत, ज्यांना यांतले काहीच नाही. त्यांचे एकच कुंपण आहे, आणि ते म्हणजे आपले मौन. एक सुंदर फोटो आणि त्याखाली नेमका रस्ता, एवढ्याने ते कुंपण एका रविवारात मोडते. म्हणूनच वर मी त्या पठाराचे नाव घेतले नाही, आणि संपादकांनी विचारले तरी घेणार नाही. सांगायचे झाले तर एकेकट्याला सांगा, आणि ज्याला सांगाल त्याला आधी बसता येते का, ते पाहून सांगा.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात कंदील लागलेला असेल, ताटात चकली-करंजी असेल, आणि डोंगरावरचा मेळा उठलेला असेल. गवत पिवळे पडले असेल, फुलांच्या जागी करड्या काड्या उरल्या असतील. या दिवसांत तिकडे कोणी फिरकत नाही, कारण फोटोत घेण्यासारखे तिथे काही नसते. पण पुढल्या भाद्रपदाचे सारे निळे, पिवळे, जांभळे रंग याच वेळी त्या चार बोटे मातीत, मोहरीहूनही लहान बियांत निजलेले असतात. त्यांचा फोटो अजून कोणाला काढता आलेला नाही. म्हणूनच ते सुखरूप आहेत.